हिप्पोचा पाळक ऑगस्टीन

उत्तर आफ्रिकेंतील तागास्ते या लहानशा गांवीं, म्हणजे हल्लींच्या आल्जीरिया देशांत, सन 354 मध्यें ऑगस्टीनचा जन्म झाला. त्याची आई मोनिका भक्तिमान् ख्रिस्ती होती. बाप त्या वेळीं रोमी देवतांचा उपासक होता. घरची स्थिति बेताची, म्हणून सोळाव्या वर्षीं पैशाअभावीं त्याचें शिक्षण कांहीं काळ थांबलें. त्या रिकाम्या दिवसांत त्यानें सोबत्यांबरोबर रात्रीं एका झाडाचीं फळें चोरलीं व बहुतेक डुकरांपुढें टाकिलीं. भूक नव्हती, घरीं याहून चांगलीं फळें होतीं. बिशप झाल्यावर त्यानें आपल्या आत्मनिवेदनाच्या ग्रंथांत या क्षुल्लक चोरीचा खोल विचार केला. मनुष्य गरज नसतांही पाप करितो, आणि जें एकट्यानें केलें नसतें तें चारचौघांच्या भरीस पडून करितो, हें त्यास स्वतःच्याच अंतःकरणांत आढळलें.

तरुणपणीं तो सुमारें नऊ वर्षें मानीच्या पंथांत होता. मनुष्याच्या ठायीं पाप करणारी शक्ति त्याच्याहून निराळी आहे, असें तो पंथ शिकवी. त्यामुळें दोष आपल्याकडे येत नसे. पण मनाला शांति लाभेना. सन 384 मध्यें तो मिलान येथें वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक झाला. तेथें बिशप अंब्रोज याचीं प्रवचनें ऐकून पवित्र शास्त्राविषयींचा त्याचा तिटकारा गेला. सन 387 च्या ईस्टर सणीं त्याचा बाप्तिस्मा झाला. वर्षानुवर्षें त्याच्यासाठीं रडून प्रार्थना करणारी मोनिका, तो प्रभूचा झालेला पाहून, त्याच वर्षीं निवर्तली. पुढें 391 मध्यें हिप्पो येथील लोकांनीं त्यास आग्रहानें धरून पाळकाची दीक्षा देवविली. थोड्याच वर्षांनीं तो तेथील बिशप झाला.

सन 410 मध्यें आलारिकच्या सैन्यानें रोम शहर तीन दिवस लुटलें. जग हादरलें. निर्वासित आफ्रिकेच्या किनाऱ्यास लागले, आणि जुने देव सोडल्यामुळेंच हा घात झाला, असा ख्रिस्ती लोकांवर आरोप आला. ऑगस्टीननें सन 413 पासून 426 पर्यंत खपून बावीस भागांचा ग्रंथ लिहिला. जुन्या देवांची पूजा भरभराटींत असतांही रोमवर अनर्थ कोसळले होते, हें त्यानें रोमी इतिहासकारांच्याच लेखांवरून दाखविलें. पुढें त्यानें असें शिकविलें कीं, मनुष्यजातीचे दोन समाज आहेत : एक देवावरील प्रीतीनें बांधलेला, दुसरा स्वतःवरील प्रीतीनें. शेवटच्या दिवसापर्यंत ते एकमेकांत मिसळलेले असतात, मंडळींतही. म्हणून कोणाविषयीं घाईनें निवाडा करूं नये. आणि या जगांतील शांति दोघांच्याही उपयोगाची असल्यामुळें भक्तांनीं तिची जोपासना करावी.

तोही मनुष्यच होता. दोनातपंथी बंधूंना राजसत्तेच्या सक्तीनें मंडळींत आणण्यास त्यानें संमति दिली. त्या उदाहरणाचा पुढील शतकांत पुष्कळांनीं वाईट उपयोग केला.

सन 429 मध्यें वांडाल लोक आफ्रिकेंत उतरले. पाळकांनीं पळावें कीं काय, असा प्रश्न त्यास विचारण्यांत आला. जेथें लोक मागें राहिले आहेत तेथें त्यांचा पाळक राहिला पाहिजे, असें त्यानें कळविलें. बंदिवानांच्या सुटकेसाठीं त्यानें पूर्वीं मंडळींतील पवित्र पात्रेंही वितळविलीं होतीं. 430 मध्यें हिप्पोस वेढा पडला. अनुतापाचीं स्तोत्रें भिंतीवर लावून, तीं वाचीत व रडत, वेढ्याच्या तिसऱ्या महिन्यांत, 28 ऑगस्ट रोजीं तो मरण पावला. त्यानें मृत्युपत्र केलें नाहीं, कारण मागें ठेवण्यास त्याच्यापाशीं कांहीं नव्हतें.

प्रिय वाचकहो, दुष्काळ पडला किंवा सांथ आली म्हणजे देव सोडल्याचा ठपका आपल्या खेडोपाडींच्या ख्रिस्ती घराण्यांनींही ऐकला आहे. त्या वेळीं रागानें उत्तर देण्यापूर्वीं आपण आपलें अंतःकरण तपासावें, संकटांतील शेजाऱ्यास आरोप करणाराच असला तरी हात द्यावा, आणि आपलें ठिकाण सोडूं नये.