विश्लेषण : चेहरा आठवतो, नाव नाही... कोण होते शफी इनामदार?

यवतमाळमधल्या पन्नाशीच्या कुणालाही शफी इनामदार यांचा फोटो दाखवून पाहा. चेहरा लगेच ओळखतील, नाव आठवायला मात्र वेळ लागेल. चरित्र अभिनेत्यांच्या वाट्याला बहुतेकदा हेच येते. पण इनामदार नसते, तर काही गाजलेल्या कलाकृती उभ्याच राहिल्या नसत्या. त्या कशा, ते पाहू.

सुरुवात कुठून झाली?

इनामदार मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यातले. जन्म २३ ऑक्टोबर १९४५. हिंदी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही रंगभूमींवर त्यांनी अनेक वर्षे काम केले. सिनेमा उशिरा आला. गोविंद निहलानी यांचा ‘विजेता’ १९८२ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा ते सदतिशीच्या घरात होते.

‘अर्धसत्य’मध्ये त्यांचे काम काय?

१९८३ च्या या चित्रपटाची पटकथा विजय तेंडुलकर यांची. ओम पुरी यांचा वेलणकर आणि सदाशिव अमरापूरकर यांचा रामा शेट्टी सर्वांच्या लक्षात आहे. या दोघांच्या मधे उभा आहे इन्स्पेक्टर हैदर अली, म्हणजे इनामदार. वेलणकर अडचणीत येतो, तेव्हा वरपर्यंत ओळख असलेला मध्यस्थ हाच गाठून देतो. हेतू मदतीचा, पण वेलणकरची पहिली तडजोड तिथेच होते. हैदर अली वाईट माणूस वाटला असता, तर ही गोष्ट पटलीच नसती. इनामदारांनी तो साधा, काळजी करणारा सहकारी म्हणून उभा केला.

घराघरांत कसे पोहोचले?

१९८४ मध्ये दूरदर्शनवर ‘ये जो है जिंदगी’ सुरू झाली. दूरदर्शनचे ट्रान्समीटर छोट्या शहरांत वेगाने उभे राहत होते, तो हा काळ. सतीश शाह दर भागात नवे रूप घेऊन येत, राकेश बेदी गोंधळ घालत. स्वरूप संपत यांच्या नवऱ्याच्या, रणजितच्या भूमिकेत इनामदार होते. घराच्या वायरिंगमध्ये अर्थिंगचे जे काम, तेच मालिकेत त्यांचे होते. ते दिसत नाही, पण बिघाड झाला की गळतीचा प्रवाह तेच जमिनीत नेते. समोरचा माणूस खरा वाटला, म्हणून बाकीच्यांच्या गमतींवर हसू आले.

१९८८ मध्ये गुलजार यांच्या ‘मिर्झा गालिब’ मालिकेत ते एकदम वेगळे दिसले. गालिबचे समकालीन शायर जौक त्यांनी साकारले.

अखेर कशी झाली?

१९९५ मध्ये ऋषी कपूर आणि नाना पाटेकर यांना घेऊन त्यांनी ‘हम दोनो’ दिग्दर्शित केला. दुसऱ्यांना आधार देणारा नट आता स्वतः सूत्रे हाती घेत होता. पण पुढे वेळच मिळाला नाही. १३ मार्च १९९६ रोजी ईडन गार्डन्सवर भारत-श्रीलंका विश्वचषक उपांत्य सामना सुरू होता. तो पाहत असतानाच हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय अवघे ५० वर्षे. त्यांच्या पत्नी, ‘ती फुलराणी’ गाजवणाऱ्या भक्ती बर्वे, २००१ मध्ये अपघातात गेल्या.

पुढच्या वेळी ‘अर्धसत्य’ पाहाल, तेव्हा वेलणकरच्या शेजारच्या माणसाकडेही नीट बघा. नाव आता माहीत आहे.