आंतरभारतीचे गुरुजी

साने गुरुजी म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना 'श्यामची आई' आठवते आणि डोळ्यांत थोडे पाणीही येते. त्यामुळे त्यांना रडके लेखक म्हणून हिणवणारेही पुष्कळ झाले. मला मात्र गुरुजी आधी शिक्षक वाटतात. एका वर्गात निरनिराळ्या घरांची, निरनिराळ्या बोलींची मुले बसलेली असताना त्यांना साहित्य द्यायचे कसे, या प्रश्नाकडे त्यांचे सारे आयुष्य सरकत गेले असे मला दिसते.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात पालगड येथे झाला. घराणे खोताचे, पण वडिलांच्या काळात कर्जाने पोखरलेले. दापोली, औंध, पुणे असे शिक्षण झाले; त्यात अर्धपोटी दिवस किती गेले याची गणती नाही. १९१७ साली आई गेली. पुढे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले, पण मन रमले ते मुलांत. १९२४ साली तेथीलच हायस्कुलात ते शिक्षक झाले आणि वसतिगृहही त्यांच्याकडे आले.

खानदेशच्या खेड्यांतून, अहिराणी बोलणाऱ्या घरांतून मुले येत. गुरुजी त्यांच्या खोल्या झाडीत, मळके कपडे धुऊन ठेवीत. मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे दैनिक ते स्वतःच्या हाताने लिहून काढीत. त्यात देशोदेशींच्या थोरांच्या गोष्टी असत. एवढे काम आजच्या कोणा अधीक्षकाने केले तर आपण त्याला वेड्यात काढू!

१९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. धुळ्याहून त्यांना त्रिचनापल्लीच्या तुरुंगात नेण्यात आले. माझ्या मते त्यांच्या आयुष्याला खरे वळण येथे मिळाले. भोवती तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम बोलणारे कैदी. लढा एक, जेवणाची पंगत एक, पण शेजाऱ्याच्या भाषेतले एक गाणे कळेल तर शपथ! ही लाज त्यांच्या मनाला लागली. तिरुवळ्ळुवरांचा 'कुरल' त्यांनी मराठीत आणला तो याच तुरुंगवासात. पुढेही त्यांचे हे आणणे थांबले नाही. टॉलस्टॉयचा कलाविचार त्यांनी मराठीत आणला, ह्यूगोच्या कादंबरीवरून 'दुःखी' लिहिली, पैगंबरांचे चरित्र लिहिले.

'श्यामची आई' मात्र घरचे पुस्तक. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत ते लिहून झाले. आमच्या वर्गात त्यावर वाद झाला. कोकणातल्या ब्राह्मणाच्या घरातले सोवळे-ओवळे आम्हाला काय सांगणार, असे एकाने विचारले. प्रश्न रास्त आहे. मी बोरी अरबजवळच्या तांड्यावरची. आमच्या घरी आईला 'याडी' म्हणतात. शाळेत पहिल्या दिवशी मला मराठी समजत नव्हती. तरीही मोळी उचलू न शकणाऱ्या महार म्हातारीला मदत करायला श्यामला पाठवणारी ती आई मला परकी वाटली नाही. वाटले ते इतकेच, की माझ्या याडीची गोष्ट त्या वाद करणाऱ्याला कोण वाचून दाखवील?

गुरुजींनाही एकतर्फी वाचन पुरे वाटत नव्हते. पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली: निरनिराळ्या प्रांतांतील भाषा जेथे शिकता येतील, एकमेकांचे साहित्य व चालीरीती जेथे समजतील, असे केंद्र असावे. त्यासाठी ते पैसे जमवू लागले. पण मन खचले होते. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच जीवनयात्रा संपवली. केंद्र डोळ्यांनी पाहणे त्यांना लाभले नाही. काम पुढे सहकाऱ्यांनी चालवले.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात आंतरभारती शोधायला त्रिचनापल्लीला जावे लागत नाही. कोलामी आणि गोंडी या तमिळच्याच, म्हणजे द्राविडी कुळातल्या भाषा. गोरमाटीचे नाते राजस्थानी बोलींशी. उर्दू तर बाजारात रोज कानावर पडते. या चारही भाषांची मुले आपल्या बाकांवर बसतात आणि परीक्षेत मराठीचा एकच पेपर सोडवतात.

यंदा वाङ्मय मंडळाच्या भित्तिपत्रकात एक पान यासाठी ठेवावे, अशी विनंती मी सरांना केली आहे. मूळ बोलीतला मजकूर आणि शेजारी मराठी अर्थ, असे ते पान असेल. होळीची लेंगी मी आणीन. पहिल्या वर्षापासून मागल्या बाकावर गप्प बसणारी एक मैत्रीण आजीकडून ऐकलेली कोलामी गोष्ट देणार आहे. त्यातले काही उच्चार देवनागरीत कसे लिहावेत, एवढे अजून ठरायचे आहे.