हजरत रुफैदा असलमिया (रजि.)

बारावीचा निकाल लागला की आमच्या पनवेल परिसरातील अनेक मुस्लिम घरांत नर्सिंगच्या शिक्षणाचा विषय निघतो. कामोठे येथे वैद्यकीय आणि नर्सिंगची महाविद्यालये हाकेच्या अंतरावर आहेत, मुंबईची रुग्णालये लोकलच्या टप्प्यात आहेत, आणि शिक्षण संपताच हाताला काम मिळेल अशी आशाही असते. तरीही हा विषय बहुधा निघतो तिथेच मिटतो. हे काम हलके आहे, असे एखाद्या वडीलधाऱ्याचे मत पडते. रात्रपाळी, परपुरुषांची शुश्रूषा, पुढे लग्नाचे काय, अशा शंका एकामागून एक येतात. ज्या मुलीविषयी हे बोलणे चालते, ती मात्र गप्प असते. उलट काही घरांत आखाती देशांतील पगाराचा आकडा ऐकून मुलीला न विचारताच तिचा अर्ज भरला जातो. दोन्ही घरांत एक गोष्ट राहून जाते. हे काम नेमके काय आहे आणि ते आपल्या मुलीच्या प्रकृतीला मानवेल का, हे कोणी पाहत नाही. त्यासाठी ज्या सहाबियेने हे काम मदीनेत उभे केले, तिचे चरित्र डोळ्यांपुढे ठेवणे उपयोगाचे होईल.

हजरत रुफैदा (रजि.) या असलम कबिल्यातील. हिजरतीनंतर त्यांनी इस्लाम स्वीकारून प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याशी बैअत केली. त्यांच्या वडिलांचे नाव सअद. ते वैद्य होते आणि मुलीने विद्या त्यांच्या हाताखाली घेतली, असे नंतरच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. अरबी भाषेत रिफ्द म्हणजे आधार, साहाय्य. रुफैदा हे नाव त्याच धातूपासून बनले आहे.

त्यांच्या कार्याचे मोल कळण्यासाठी त्या काळची मदीना पाहावी लागेल. तिथे रुग्णालय नव्हते. माणूस आजारी पडला की त्याचे घर, त्याचा कबिला त्याला सांभाळीत असे. आई पाणी पाजी, बहीण जखम धुई. परंतु हिजरतीनंतर मदीनेत असे शेकडो लोक आले होते, ज्यांचे घर, नातलग आणि कबिला मक्केत किंवा आणखी दूर राहिले होते. अन्सारांनी त्यांना भाऊ मानले, हे खरे. तरीही सुफ्फाच्या ओट्यावर राहणाऱ्या कित्येकांना स्वतःचे छप्पर नव्हते. असा माणूस तापाने फणफणला, किंवा युद्धातून जखमी होऊन परतला, तर त्याच्या उशाशी कोण बसणार? इब्ने इस्हाक यांनी हजरत रुफैदा (रजि.) यांची ओळख याच शब्दाशयाने दिली आहे: त्या जखमींवर उपचार करीत, आणि ज्या मुसलमानाला पाहणारे कोणी नसे त्याच्या सेवेला त्यांनी अल्लाहच्या पुण्याची आशा धरून स्वतःला वाहून घेतले होते. त्यांचा तंबू मस्जिद-ए-नबवीतच उभा होता.

युद्धप्रसंगी शुश्रूषा करणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. उहुदच्या दिवशी हजरत आयशा (रजि.) आणि हजरत उम्मे सुलैम (रजि.) यांनी पाठीवर पखाली वाहून तहानलेल्यांना पाणी पाजले. हजरत रुबय्यि बिंते मुअव्विज (रजि.) पाणी देत, जखमींना मलमपट्टी करीत आणि त्यांना मदीनेस परत आणण्याच्या कामात असत. हजरत उम्मे अतिया (रजि.) यांनी तर प्रेषितांसोबत सात मोहिमांत स्वयंपाक, जखमींचे उपचार आणि आजाऱ्यांची देखभाल केली. उहुद येथे खुद्द प्रेषितांच्या चेहऱ्यावरील रक्त पाण्याने थांबेना, तेव्हा हजरत फातिमा (रजि.) यांनी चटईचा तुकडा जाळून त्याची राख जखमेवर दाबली आणि रक्त थांबले. घरातील मुलीलाही एवढे उपचार ठाऊक असत. पाण्याने जखम धुणे, राखेने रक्त रोखणे, तापलेल्या लोखंडाने डाग देणे, पट्टी बदलणे, अशीच त्या काळची साधने होती.

मग हजरत रुफैदा (रजि.) यांचे वेगळेपण कशात? माझ्या मते त्या तंबूत. इतरांची सेवा मोहिमेबरोबर सुरू होई आणि मोहिमेबरोबर संपे. हा तंबू मात्र मदीनेतच होता, आणि जखमी माणसाला कुठे न्यावे हे लोकांना माहीत होते. कोणत्याही रुग्णालयाचा आरंभ विटांनी होत नाही. रुग्णाला कुठे न्यायचे हे गावाला ठाऊक असण्याने होतो.

हिजरी ५, म्हणजे इ.स. ६२७ मध्ये खंदकचे युद्ध झाले. औस कबिल्याचे सरदार हजरत सअद बिन मुआज (रजि.) हे मदीनेच्या पहिल्या आधारस्तंभांपैकी. हिजरतीपूर्वी हजरत मुसअब बिन उमैर (रजि.) यांच्या हातून त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे सारे कुळ इस्लाममध्ये आले. खंदकच्या दिवशी त्यांच्या अंगावरचे चिलखत तोकडे होते, हात उघडे पडले होते. शत्रूचा बाण नेमका हाताच्या मोठ्या शिरेत घुसला. ही शीर तुटली की रक्त सहज थांबत नाही, हे त्या काळीही सर्वांस ठाऊक होते.

प्रेषितांनी त्यांना हजरत रुफैदा (रजि.) यांच्या तंबूत ठेवण्यास सांगितले. जवळ असले म्हणजे भेटीला येता येईल, हा त्यामागचा विचार होता. येथे थोडे थांबावे. सअद (रजि.) हे निराधार नव्हते. त्यांचे घर होते, आई हयात होती, अख्खा कबिला त्यांच्यासाठी जीव टाकायला तयार होता. तरीही मदीनेतील एवढ्या मोठ्या माणसाला ज्या हातांच्या स्वाधीन करण्यात आले, ते हात निराधारांची शुश्रूषा करून तयार झालेले होते. या कामाला हलके म्हणणाऱ्याने हा प्रसंग पुन्हा वाचावा.

प्रेषितांनी स्वतः त्यांच्या जखमेला डाग दिला. हात सुजला, पुन्हा डाग द्यावा लागला. सकाळी आणि संध्याकाळी तंबूवरून जाताना प्रेषित त्यांची विचारपूस करीत: रात्र कशी गेली, दिवस कसा गेला. या दोन भेटींच्या मधला सगळा वेळ, लांबच लांब दुपारी आणि त्याहून लांब रात्री, रुग्णाशेजारी कोण होते हे सांगायला नको. मधल्या काळात बनू कुरैजाच्या प्रकरणी निवाडा देण्यासाठी त्यांना गाढवावर मऊ गादी घालून तंबूतून नेण्यात आले. त्या निवाड्याची चर्चा हा या लेखाचा विषय नाही. पण अशा जखमेच्या रुग्णाला हलवणे म्हणजे काय, हे ज्याने कधी आजारी माणसाला खाटेवरून उतरवले असेल त्याला कळेल. ते परत तंबूत आले. त्यांनी अल्लाहजवळ प्रार्थना केली होती की कुरैशांशी अजून युद्ध बाकी असेल तर मला त्यासाठी ठेव, आणि युद्ध संपले असेल तर याच जखमेत मला शहादत दे. एके रात्री भरत आलेली जखम फुटली. मशिदीतच बनू गिफार कबिल्याचा एक तंबू होता. त्यातील लोकांना आपल्याकडे वाहत आलेले रक्त दिसले, तेव्हा त्यांना काय झाले ते कळले. हजरत सअद (रजि.) यांचे निधन झाले. त्यांच्या मृत्यूने अल्लाहचे सिंहासन हलले, असे हदीसमध्ये आले आहे.

हजरत रुफैदा (रजि.) यांचे नाव ज्या रुग्णामुळे इतिहासात सर्वांत ठळक राहिले, तो रुग्ण बरा झाला नाही. त्यांच्या हातून बरे होऊन गेलेल्यांची नावे कोणी लिहिली नाहीत. नर्सिंगचा विचार करणाऱ्या मुलीने आणि मुलानेही स्वतःला जे विचारायचे ते या प्रसंगात आहे. रुग्णाला बरे करण्याची इच्छा सर्वांनाच असते. जो बरा होणार नाही त्याची पट्टीही तितक्याच नीट बदलता येईल का? रात्री तीन वाजता चौथ्यांदा हाक मारणाऱ्या म्हाताऱ्याकडे चौथ्यांदाही त्याच चेहऱ्याने जाता येईल का? रक्त पाहून पहिल्यांदा भोवळ आली म्हणून कोणी नालायक ठरत नाही, ती सवय होते. दुसऱ्याच्या मलमूत्राची किळस हळूहळू कमी होते. पण रुग्णाच्या असहायतेचा राग येणारा स्वभाव असेल तर तो सहसा बदलत नाही, आणि असा स्वभाव ओळखून दुसरी वाट धरण्यात काही कमीपणा नाही. ज्या घरात आजी किंवा आजोबा अंथरुणाला खिळलेले आहेत, तिथे ही परीक्षा अर्ज भरण्याआधीच देता येते. आठ रात्री त्यांच्याजवळ झोपून पाहावे. कुशीवर वळवणे, औषधाची मात्रा मोजून देणे, वेळ लिहून ठेवणे, हे सर्व स्वतः करावे. मनाचा कल बहुतेक आठ दिवसांत कळतो.

मुलांचा उल्लेख मुद्दाम केला. बद्रच्या वेळी हजरत रुकय्या (रजि.) आजारी होत्या, म्हणून प्रेषितांनी त्यांचे पती हजरत उस्मान (रजि.) यांना शुश्रूषेसाठी घरी थांबवले, आणि बद्रमध्ये लढलेल्याइतकाच वाटा व मोबदला त्यांना दिला. आजाऱ्याची सेवा हे फक्त बायकांचे काम आहे, ही समजूत आपल्याकडे कुठून आली कोण जाणे.

आता पडद्याचा प्रश्न. तो खोटा नाही, आणि तो विचारणाऱ्या बापाची थट्टा करू नये. इमाम बुखारी (रह.) यांनी आपल्या हदीससंग्रहातील वैद्यकाच्या प्रकरणात पुरुषाने स्त्रीवर किंवा स्त्रीने पुरुषावर उपचार करावेत का, असा स्वतंत्र बाबच ठेवला आहे आणि त्यात हजरत रुबय्यि (रजि.) यांची हदीस दिली आहे. गरज असेल तेव्हा आणि गरजेपुरतेच, या मर्यादेत विद्वानांनी याला परवानगी मानली आहे. प्रसूतिगृह, बालरुग्ण विभाग, स्त्रियांचे वॉर्ड येथे तर मुस्लिम परिचारिकांची गरज आपल्याच घरच्या स्त्रियांना सर्वाधिक भासते. आपल्या बायकोच्या बाळंतपणाला स्त्रीच हवी म्हणणाऱ्याने आपली मुलगीही कोणाच्या तरी बाळंतपणाला पाठवायला नको का? हजरत रुफैदा (रजि.) यांचा तंबू सर्वांच्या नजरेसमोर, मशिदीत होता, हेही लक्षात घ्यावे. म्हणून संस्था निवडताना वसतिगृह, रात्रपाळीची ने-आण, गणवेशात डोके झाकण्याची मुभा या गोष्टी प्रवेशाआधीच स्पष्ट विचाराव्यात. शस्त्रक्रियागृहात कोपरापर्यंत हात धुवावे लागतात, तिथे लांब बाह्या चालत नाहीत. हे आधी माहीत असलेले बरे.

काही गोष्टी व्यवहाराच्या आहेत. ए.एन.एम. दोन वर्षांचा, जी.एन.एम. तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. बी.एस्सी.साठी बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र लागते. संस्थेला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल व भारतीय नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे की नाही हे फी भरण्यापूर्वी पाहावे, कारण मान्यता नसलेल्या ठिकाणचे प्रमाणपत्र घेऊन कौन्सिलकडे नोंदणी होत नाही आणि नोंदणीवाचून हे काम अधिकृतपणे करता येत नाही.

या कामात जिवाचा धोका आहे, तोही लपवू नये. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी पुण्याजवळ मुलगा डॉ. यशवंत याच्यासह रुग्णांची सेवा केली आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. पनवेलजवळ नेरे येथील शांतिवनात ज्यांनी कुष्ठरुग्णांच्या जखमा धुतल्या, त्यांनाही आपल्याच लोकांची भीती आणि कुजबुज सोसावी लागली असेल. निर्णय घेताना प्रेषितांनी शिकवलेला इस्तिखारा आहेच. दोन रकअत नमाज आणि दुआ. प्रेषित तो सहाब्यांना कुरआनचा सूरा शिकवावा तसा शिकवीत. फक्त इस्तिखारा मुलीने स्वतः करावा. तिच्या वतीने सर्व घराने करून निर्णय तिच्या हाती देणे, हे त्या शिकवणीत बसत नाही. आणि मसलत करायची ती ज्यांनी हे काम केले आहे अशांशी करावी, लग्नाच्या मांडवात भेटलेल्या नातलगांशी नव्हे.

खंदकनंतर, हिजरी ७ मध्ये, खैबरची मोहीम निघाली. असलम कबिल्यातील हजरत उम्मे सिनान (रजि.) यांनी प्रेषितांकडे येऊन पखाली शिवण्यासाठी आणि आजारी व जखमींच्या उपचारासाठी सोबत येण्याची परवानगी मागितली. प्रेषितांनी ती दिली, आणि त्यांच्या कबिल्यातील इतर स्त्रियांनाही ती दिली असल्याचे सांगितले. हवे तर त्यांच्याबरोबर चला, हवे तर आमच्याबरोबर. त्या उम्मुल मोमिनीन हजरत उम्मे सलमा (रजि.) यांच्या सोबत राहिल्या. त्याच मोहिमेत मशिदीत तंबू असलेल्या आणि सअद (रजि.) यांची जखम पाहिलेल्या असलमी स्त्रीलाही सहभागी झाल्याचे इब्ने सअद यांनी नोंदवले आहे. त्यांनी तिचे नाव कुऐबा बिंते सअद असे दिले आहे. कोणी ही रुफैदाच म्हणतात, कोणी तिची बहीण. खैबरच्या गनीमतीची वाटणी झाली तेव्हा या स्त्रीला एका पुरुष योद्ध्याइतका वाटा देण्यात आला.

दिल्लीत जामिया हमदर्दच्या नर्सिंग महाविद्यालयाला रुफैदा यांचेच नाव आहे.