झाडांना काचेच्या पेटीत बसवणारा डॉक्टर

उन्हाळ्यात बदलीचे आदेश निघतात आणि आम्हा सरकारी डॉक्टरांचे बिऱ्हाड टेम्पोत चढते. कपाटे, भांडी पोहोचतात. कुंड्यांतली झाडे मात्र पुसदहून नाशिकला जाईपर्यंत माना टाकतात. माझी तुळस दोनदा अशीच गेली. या दुखण्यावर ज्याने पहिला चांगला उपाय शोधला तो माळी नव्हता, आमच्याच पेशातला होता.

नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड १७९१ मध्ये लंडनला जन्मला. वडीलही डॉक्टर. तेराव्या वर्षी त्याला जमैकाला पाठवले, तिथली हिरवाई पाहून त्याला झाडांचा नाद लागला तो कायमचा. पुढे त्याने लंडनच्या पूर्व भागातल्या गरीब वस्तीत दवाखाना चालवला. घरामागे नेचे लावायचा प्रयत्न केला. कारखान्यांच्या धुराने ते मेले.

१८२९ मध्ये त्याने पतंगाचा कोष ओल्या मातीत ठेवून बाटली झाकली. पतंगाचे काय होते ते बघायचे होते. पण मातीतून एक नेचा आणि थोडे गवत उगवले! दिवसा मातीतली ओल वाफ होऊन काचेवर जमे आणि पुन्हा खाली उतरे. पाणी न घालता ती रोपे जवळजवळ चार वर्षे जगली. झाकण गंजले, पावसाचे पाणी आत गेले, तेव्हा कुजली.

त्या काळी जहाजावरची बहुतेक झाडे वाटेतच मरत. डेकवर खारे तुषार, खाली अंधार आणि गोड्या पाण्याची मारामार. १८३३ मध्ये वॉर्डने काचेच्या दोन पेट्यांत नेचे आणि गवत भरून सिडनीला पाठवले. काही महिन्यांनी ते टवटवीत पोहोचले. परतीच्या पेट्यांतली ऑस्ट्रेलियातली झाडे कडक ऊन आणि बर्फ दोन्ही सोसून लंडनला आली. १८४२ मध्ये त्याने यावर पुस्तक लिहिले.

मग या पेट्यांनी जग फिरवले. रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून चहाची सुमारे २० हजार रोपे हिमालयाच्या पायथ्याशी आणली. आमच्या दृष्टीने मोठी गोष्ट सिंकोनाची. मेंदूच्या मलेरियाला आम्ही वर्षानुवर्षे सलाईनमधून क्विनीन दिले, ते याच झाडाच्या सालीतले. १८६० मध्ये क्लेमेंट्स मार्कहॅमने पेरूहून रोपे पेट्यांत घालून मुंबईमार्गे निलगिरीला नेली. तांबड्या समुद्राच्या उष्णतेने ती खचली होती, शेवटी मेलीच. नंतर आलेल्या बियांनी आणि रोपांनी तिथे सिंकोना रुजला. वॉर्ड १८६८ मध्ये वारला, तोवर निलगिरीत लागवड उभी राहिली होती.

मार्कहॅमचे नुकसान आपल्या टेम्पोलाही लागू आहे. बंद काच किंवा प्लास्टिक उन्हात तापते आणि आतले झाड अक्षरशः उकडते. म्हणून आदल्या दिवशी बेताने पाणी घाला, कुंडीची माती कागदाने दाबा, झाडावर पारदर्शक पिशवी सैल बांधा आणि खोके सावलीत, शक्यतो रात्रीच्या प्रवासात न्या. निवडुंग, कोरफड यांना पिशवी नको, ती कुजतात. पोहोचल्यावर पिशवी एकदम काढू नका. आठवडाभर सावलीत ठेवून रोज थोडी थोडी उघडत न्या. खतही तोवर थांबवा.