ब्रेंडन बीहन

ब्रेंडन बीहन (९ फेब्रुवारी, इ.स. १९२३ – २० मार्च, इ.स. १९६४) हे आयरिश नाटककार, गद्यलेखक व कवी होते. त्यांनी इंग्रजी आणि आयरिश या दोन्ही भाषांत लेखन केले. 'द क्वेअर फेलो' व 'द होस्टेज' ही नाटके आणि 'बोर्स्टल बॉय' हे आत्मकथन या त्यांच्या प्रमुख कृती होत. डब्लिन शहरातील जुन्या पबांशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. त्यांच्या लेखनाची बैठक मात्र तुरुंगात तयार झाली होती.

बालपण आणि कुटुंब

बीहन यांचा जन्म डब्लिन येथे झाला. वडील स्टीफन हे घरे रंगवण्याचा व्यवसाय करीत. आयरिश यादवी युद्धात त्यांनी प्रजासत्ताकवाद्यांची बाजू घेतली होती आणि मुलाच्या जन्माच्या वेळी ते तुरुंगात होते. आई कॅथलीन यांचे बंधू पीडर कर्नी हे आयर्लंडच्या राष्ट्रगीताचे कवी. कुटुंब रसेल स्ट्रीटवरील एका जुन्या चाळवजा इमारतीत राहत असे. घरात गरिबी होती, तशीच पुस्तके आणि गाणीही होती. वडील मुलांना अभिजात ग्रंथ वाचून दाखवीत, तर आईच्या तोंडी असंख्य लोकगीते होती. आजीचा ब्रेंडनवर विशेष जीव होता. तिच्या सहवासात त्याला लहान वयातच मद्याची चव कळली. तेव्हाच्या डब्लिनमध्ये कोणाला त्यात फारसे गैर वाटले नाही. शाळा लवकर सुटली आणि वडिलांप्रमाणे तोही रंगकामाला लागला.

तुरुंगवास

वयाच्या सोळाव्या वर्षी, इ.स. १९३९ मध्ये, आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या मोहिमेत भाग घेण्यासाठी स्फोटके घेऊन ते लिव्हरपूल येथे गेले आणि तेथे पकडले गेले. अल्पवयीन असल्याने त्यांना तीन वर्षांसाठी बोर्स्टल या सुधारगृहात पाठवण्यात आले. सफोक परगण्यातील हॉलस्ली बे येथील या सुधारगृहात त्यांनी शेतीकाम केले, भरपूर वाचन केले आणि ज्यांच्याशी लढायला ते आले होते त्याच इंग्रजांच्या मुलांशी मैत्री केली. 'बोर्स्टल बॉय' या पुस्तकाचा गाभा हाच आहे.

इ.स. १९४१ मध्ये ते मायदेशी परतले. पुढच्याच वर्षी पोलिसांवर गोळीबार केल्याबद्दल त्यांना चौदा वर्षांची शिक्षा झाली. डब्लिनचा माउंटजॉय तुरुंग आणि नंतर करा येथील छावणी अशा ठिकाणी त्यांनी दिवस काढले. याच काळात त्यांनी आयरिश भाषेचा कसून अभ्यास केला. माउंटजॉयमध्ये त्यांच्या परिचयाच्या एका कैद्याला इ.स. १९४३ मध्ये फाशी देण्यात आली. त्या अनुभवातून पुढे 'द क्वेअर फेलो' हे नाटक उभे राहिले. इ.स. १९४६ च्या सार्वत्रिक माफीत त्यांची सुटका झाली.

डब्लिनचे पब

आयर्लंडमधील पारंपरिक पब म्हणजे आपल्याकडील गुत्ता नव्हे. गावातील पार, चावडी आणि किराणा दुकान यांचे काम तो एकत्रितपणे करीत असे. अनेक पबांत एका बाजूला खरोखरच चहा-साखर विकली जाई. लाकडी फळ्यांनी आडोसा केलेल्या छोट्या कोठडीला 'स्नग' म्हणत. मुख्य दालनात बसणे ज्यांना प्रशस्त वाटत नसे, विशेषतः स्त्रिया, त्या तेथे बसत. डब्लिनमध्ये दुपारी अडीच ते साडेतीन पब बंद ठेवण्याचा नियम होता. लोक गमतीने त्याला 'पवित्र तास' म्हणत. पबात कोणी एकट्यासाठी पेला मागवत नसे. टोळक्यातील प्रत्येकाने आळीपाळीने सर्वांसाठी मागवायचे, अशी रीत होती. पाच जण बसले की पाच पेले ठरलेलेच, आणि मध्येच उठून जाणे हा असभ्यपणा मानला जाई. बीहन यांच्यासारख्या मनुष्याला ही रीत किती महागात पडली असेल, याची कल्पना करता येते.

इ.स. १९४९ च्या सुमारास हॅरी स्ट्रीटवरील 'मॅकडेड्स' हा पब 'एन्व्हॉय' या वाङ्मयीन मासिकाच्या मंडळींचा अड्डा बनला. संपादक जॉन रायन, कवी पॅट्रिक कॅव्हना, कादंबरीकार ब्रायन ओनोलन (फ्लॅन ओब्रायन) असे लोक तेथे येत. बीहन तेथे गात, नकला करीत आणि तुरुंगातील किस्से रंगवून सांगत. त्यांच्या गद्याला बोलण्याची जी लय आहे, ती या श्रोत्यांसमोर घोटली गेली. कॅव्हना यांच्याशी मात्र त्यांचे हाडवैर होते. पोटासाठी रंगकाम चालूच होते. इ.स. १९५० मध्ये एका दीपगृहाच्या रंगकामावर असताना तेथील प्रमुखाने त्यांच्या कामाबद्दल वरिष्ठांकडे लेखी तक्रार केली होती.

इ.स. १९५५ मध्ये त्यांचा विवाह बिएट्रिस यांच्याशी झाला. जेम्स जॉइस यांच्या 'युलिसिस' कादंबरीमुळे प्रसिद्ध झालेल्या 'डेव्ही बर्न्स' या पबातील भित्तिचित्रे बिएट्रिस यांचे वडील, चित्रकार सेसिल सॉल्केल्ड, यांनी काढलेली आहेत.

नाट्यलेखन आणि कीर्ती

'द क्वेअर फेलो' हे नाटक ॲबी थिएटरने नाकारले. अखेर १९ नोव्हेंबर, इ.स. १९५४ रोजी 'पाइक' या छोट्या नाट्यगृहात त्याचा पहिला प्रयोग झाला. ज्याला फाशी द्यायची तो कैदी नाटकात एकदाही रंगमंचावर येत नाही. त्याच्याभोवतीचे कैदी, पहारेकरी आणि फाशी देणारा यांच्या बोलण्यातून ती रात्र सरकते. याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आयर्लंडमध्ये दिली गेलेली फाशी त्या देशातील शेवटची ठरली. इ.स. १९५६ मध्ये जोन लिटलवूड यांनी हे नाटक लंडनला केले. त्या निमित्ताने झालेल्या दूरचित्रवाणी मुलाखतीत बीहन मद्यधुंद अवस्थेत आले आणि एका रात्रीत सर्वतोमुखी झाले. ही घटना त्यांच्या दृष्टीने दुर्दैवीच म्हणावी लागेल, कारण तेव्हापासून लोकांना नाटककारापेक्षा पिणारा बीहन अधिक हवा झाला.

इ.स. १९५८ मध्ये 'अन गिआल' हे त्यांचे आयरिश नाटक डब्लिनमध्ये आले. एका ब्रिटिश सैनिकाला ओलीस ठेवल्याची ही कथा 'द होस्टेज' या नावाने त्याच वर्षी लंडनला गेली. इंग्रजी रूपात गाणी, नाच आणि विनोद वाढले. मूळ नाटक अधिक संयत होते, असे अनेक समीक्षक मानतात. 'बोर्स्टल बॉय'ही त्याच वर्षी प्रकाशित झाले. त्यावर आयर्लंडमध्ये बंदी आली.

अखेरची वर्षे

इ.स. १९५६ मध्येच त्यांना मधुमेह असल्याचे निदान झाले होते. 'एकच प्याला' वाचलेल्या मराठी वाचकाला पुढचा प्रवास अनोळखी वाटणार नाही. मात्र सुधाकर घरातच खचत जातो, तर बीहन छायाचित्रकारांच्या देखत खचले. पैसा आल्यावर बिअरची जागा व्हिस्कीने घेतली. इ.स. १९६० मध्ये न्यू यॉर्क येथे 'द होस्टेज'चे प्रयोग झाले आणि तेथेही त्यांचे कोडकौतुक झाले. हात चालेनासा झाल्यावर प्रकाशनसंस्थेच्या रे जेफ्स यांनी त्यांचे बोलणे ध्वनिफितीवर घेऊन त्यातून पुस्तके सिद्ध केली. ही पुस्तके रंजक असली तरी त्यांत आधीच्या लेखनाची घट्ट वीण नाही. नोव्हेंबर १९६३ मध्ये त्यांना कन्यारत्न झाले. पुढील मार्चमध्ये डब्लिनमधील 'हार्बर लाइट्स' या पबात ते कोसळले आणि मीथ रुग्णालयात २० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ४१ वर्षांचे होते. ग्लासनेविन येथील दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. अंत्ययात्रेला प्रचंड गर्दी होती.

स्मृती

दोन-तीन दिवसांसाठी डब्लिनला येणारे प्रवासी बहुधा लेखकांचे पब पाहत हिंडतात. इ.स. १९८८ पासून अशी एक साहित्यिक फेरी चालते. तीत नट मंडळी एकेका पबात नेऊन लेखकांच्या साहित्यातील प्रवेश सादर करतात. मॅकडेड्सही अजून चालू आहे. हे सारे लिफी नदीच्या दक्षिणेस. बीहन यांचा पुतळा मात्र नदीच्या उत्तरेस, रॉयल कालव्याच्या काठी आहे. जॉन कॉल यांनी घडवलेला हा पुतळा इ.स. २००३ मध्ये तेथे बसवण्यात आला. त्यात बीहन एका बाकावर बसलेले असून शेजारी एक पक्षी आहे. माउंटजॉय तुरुंग तेथून जवळच आहे.