वै. विष्णुबुवा जोग

पुण्याच्या जोगांच्या घराला तालमीचा नाद. विष्णुबुवांचा जन्म १८६७ सालचा. तरुणपणी शरीर कुस्तीने कमावलेले, मन मात्र ज्ञानोबा-तुकोबांकडे ओढलेले. लग्न केले नाही, वारी धरली.

१९०९ साली त्यांनी तुकोबांची गाथा अर्थासह प्रसिद्ध केली. एवढ्या अधिकाराच्या पुरुषाला कीर्तनावर सुखाने दिवस काढता आले असते. मान होता, श्रोता होता, शालजोडी-श्रीफळ दारात येते. पण हरिकथेचा पैसा घ्यायचा नाही, हा बुवांचा दंडक. आमच्या नवी पेठेत सप्ताह ठरायचा म्हटला की पहिले बोलणे बिदागीचे निघते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

बरे, नुसते न घेणे यात काय मोठे? ते देत काय होते, हे पाहा. वारकऱ्याचे पोर अभंग धडाधड म्हणायचे. अर्थ विचारा, की गप्प! ग्रंथ लावून देणारा गुरू गरिबाला कुठला मिळायला? म्हणून बुवांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली. विद्यार्थ्याने माधुकरी मागावी आणि गीता, ज्ञानेश्वरी, गाथा गुरुमुखातून शिकावी, अशी रीत. पन्नाशीच्या घरातला पुरुष पोरांना ओवी समजावीत बसला.

तीनच वर्षांनी, १९२० साली, आळंदीतच त्यांनी देह ठेवला. शिष्य बंकटस्वामींनी संस्था पुढे चालविली. दुसरे शिष्य सोनोपंत दांडेकर पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, तरी खांद्यावरची पताका त्यांनी उतरविली नाही. आळंदीस आजही चार वर्षांचा अभ्यास पुरा करून मुले बाहेर पडतात.