विश्लेषण : दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा हिशेब मांडणारे जे. पी. नाईक कोण होते? मावळातील शाळांशी त्याचा काय संबंध?

५ सप्टेंबर म्हटले की शिक्षक दिन आणि डॉ. राधाकृष्णन आठवतात. याच तारखेला, १९०७ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडी येथे आणखी एका शिक्षणतज्ज्ञाचा जन्म झाला. ते म्हणजे जे. पी. नाईक. दिव्यांग मुलांच्या शिक्षणासाठी सरकारने किती पैसा द्यावा, हा प्रश्न आज मावळातील गावांतही विचारला जातो. त्याची राष्ट्रीय पातळीवरील ठोस मांडणी ज्या अहवालात झाली, त्याचे काम नाईक यांनी सांभाळले होते.

कोण होते जे. पी. नाईक?

त्यांचे मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. स्वातंत्र्य चळवळीच्या काळात त्यांनी जयंत पांडुरंग नाईक हे नाव घेतले आणि पुढे तेच कायम राहिले. १९३० च्या सविनय कायदेभंगात त्यांना तुरुंगवास झाला. सुटकेनंतर ते धारवाड जिल्ह्यातील उप्पिन बेटगेरी या गावात राहिले आणि तेथे शिक्षण, आरोग्य व ग्रामसुधारणेचे काम केले. मुले शाळेत का येत नाहीत, याची कारणे त्यांना तेथे जवळून पाहायला मिळाली.

पुढे त्यांनी कोल्हापूर संस्थानात प्रशासकीय जबाबदाऱ्या सांभाळल्या. सय्यद नुरुल्ला यांच्यासोबत भारतीय शिक्षणाचा इतिहास लिहिला. १९४८ मध्ये मुंबईत भारतीय शिक्षण संस्था उभी केली. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. नंतर ते केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचे सल्लागार झाले. या पदावर ते वेतन म्हणून नाममात्र एक रुपया घेत.

कोठारी आयोगात त्यांची भूमिका काय होती?

डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली जुलै १९६४ मध्ये शिक्षण आयोग नेमला गेला. नाईक त्याचे सदस्य-सचिव होते. आकडेवारी गोळा करणे, खर्चाचे अंदाज बांधणे आणि अहवाल लिहिणे या कामांचा मोठा भार त्यांच्यावर होता. जून १९६६ मध्ये अहवाल सादर झाला. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी, ही आजही चर्चेत असलेली शिफारस त्यातलीच.

दिव्यांग मुलांबाबत अहवालात काय होते?

त्या काळी ‘अपंग’ हा शब्द वापरला जात असे. या मुलांचे शिक्षण हा केवळ दयेचा विषय नाही, शिकलेले मूल स्वतःच्या पायावर उभे राहते म्हणून समाजाचाही त्यात फायदा आहे, अशी भूमिका आयोगाने घेतली. स्वतंत्र विशेष शाळा लागतील, पण शक्य तितकी मुले नेहमीच्या शाळेत सामावून घ्यावीत, असेही सुचवले.

आयोगाने १९८६ पर्यंतचे उद्दिष्टही दिले. अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग मुलांपैकी सुमारे १५ टक्के, तर मतिमंद मुलांपैकी सुमारे ५ टक्के. एकत्रित विचार केला तर दहापैकी एक मूल. प्रशिक्षित शिक्षक नाहीत आणि पैसा नाही, ही दोन कारणे त्यामागे होती.

आज हा आकडा खटकतो, कारण नऊ मुले बाहेर राहणार हे त्यात गृहीत होते. मात्र निधी आणि मनुष्यबळ मोजूनच उद्दिष्ट ठरवायचे, ही नाईक यांची पद्धत होती. समता, दर्जा आणि संख्या या तिन्ही गोष्टी एकत्र साधणे किती अवघड आहे, यावर त्यांनी १९७५ मध्ये स्वतंत्र पुस्तकही लिहिले.

त्यानंतर निधी कसा वाढत गेला?

- १९७४ : केंद्राची एकात्मिक शिक्षण योजना सुरू. सुरुवातीला ती समाजकल्याण विभागाकडे होती. १९८२ मध्ये शिक्षण विभागाकडे आली.
- २००१ नंतर : सर्व शिक्षा अभियानात प्रति विद्यार्थी वर्षाला १,२०० रुपये. पुढे ३,००० रुपये.
- २०१६ : दिव्यांग हक्क कायद्याने ६ ते १८ वयोगटात मोफत शिक्षणाचा हक्क.
- २०१८ : समग्र शिक्षा योजनेत प्रति विद्यार्थी वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत. मुलींना दरमहा २०० रुपये विद्यावेतन वेगळे. महाराष्ट्रात केंद्र व राज्याचा वाटा ६०:४०.

मावळात याचा अर्थ काय?

साहित्य, प्रवासभत्ता, मदतनीस भत्ता अशा बाबी या ३,५०० रुपयांत धरल्या जातात. विशेष शिक्षकांच्या मानधनाची तरतूद वेगळी असते. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा वर्षात किमान २०० दिवस चालते. भागाकार केला तर दिवसाला साडेसतरा रुपये होतात.

लोणावळा किंवा तळेगावातील मुलाला लोकलने पुण्यातील उपचारकेंद्र गाठता येते. आंदर मावळ किंवा पवन मावळातील वाडीवरच्या मुलाला आधी मुख्य रस्त्यापर्यंत यावे लागते, तेही मुसळधार पावसात आणि पालकाचा रोज बुडवून. खर्च वेगळा, पण योजनेतील दराची मर्यादा सर्वत्र एकच.

दुसरा मुद्दा नोंदीचा. शाळेने ‘यूडायस प्लस’ प्रणालीत मुलाची दिव्यांग म्हणून नोंद केली तरच ते तालुक्याच्या, मग जिल्ह्याच्या वार्षिक आराखड्यात येते आणि निधी मागितला जातो. त्यामुळे पालकांनी ही नोंद झाली आहे का, हे मुख्याध्यापकांकडे विचारावे. तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी घरी शिक्षण घेण्याचा पर्याय २०१२ च्या दुरुस्तीपासून कायद्यात आहे. विशेष शाळांचा कारभार मात्र राज्यात शालेय शिक्षण नव्हे, तर दिव्यांग कल्याण विभाग पाहतो. त्यामुळे अर्ज कुठे करायचा, असा गोंधळ होतो.

नाईक यांची अखेरची वर्षे

१९६९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे ते पहिले सदस्य-सचिव. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७६ मध्ये भारतीय शिक्षण संस्था पुण्यात आली. त्यांच्या पत्नी डॉ. चित्रा नाईक यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांत, शाळेत जाऊ न शकणाऱ्या मुलांसाठी सायंकाळचे वर्ग चालवले. मुलाला शाळेची वेळ जमत नसेल तर शाळेने वेळ बदलावी, असा विचार त्यामागे होता.

३० ऑगस्ट १९८१ रोजी नाईक यांचे निधन झाले. अहवालातील १९८६ ची मुदत तेव्हा पाच वर्षांवर होती. दहापैकी एक हे उद्दिष्ट आता कायद्याने मागे पडले असून प्रत्येक मुलाला हक्क मिळाला आहे. मात्र त्या हक्कासाठी प्रत्यक्ष किती खर्च येतो, याचा डोंगरी भागासाठी वेगळा हिशेब योजनेच्या दरात अजून दिसत नाही.